गर्भपाताची मुदत : आठवडे मोजायचे कोणी आणि कोठून?

गर्भपाताला कायद्याने किती आठवड्यांपर्यंत परवानगी असावी, हा प्रश्न वृत्तपत्रांतून पुढे येतो तो बहुधा एखाद्या याचिकेच्या निमित्ताने. न्यायालय परवानगी देते किंवा नाकारते, दोन-चार दिवस चर्चा झडते आणि विषय मागे पडतो. या चर्चेत ‘वीस’ आणि ‘चोवीस’ हे दोन आकडे इतक्या वेळा उच्चारले जातात की, सारा वाद त्यांच्यामधल्या चार आठवड्यांचाच आहे असे वाटावे. नांदेड किंवा लातूर जिल्ह्यातून या प्रश्नाकडे पाहिले, तर चित्र बरेच निराळे दिसते. येथे मुदत उलटते ती पुष्कळदा स्त्रीने निर्णय घेण्यास विलंब लावला म्हणून नव्हे, तर तिचे आठवडे वाटेतच खर्ची पडतात म्हणून. कायदा गर्भाचे वय मोजतो. तपासणीच्या रांगेत, एका रुग्णालयाकडून दुसऱ्याकडे पाठवणीत आणि न्यायालयाच्या वाटेवर गेलेले दिवस त्यातून वजा करीत नाही.

मुळात हे मोजमाप सुरू कोठून होते, याविषयीच सर्वसामान्यांमध्ये गैरसमज आहे. वैद्यकशास्त्र गर्भधारणेचे आठवडे मोजते ते शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून. प्रत्यक्ष गर्भधारणा त्यानंतर साधारण दोन आठवड्यांनी होते. म्हणजे गर्भ राहिला त्या दिवशीच हिशेबात दोन आठवडे जमा झालेले असतात आणि पाळी चुकल्याचे लक्षात येते तेव्हा चार. पाळी अनियमित असलेल्या, अंगावर पाजणाऱ्या किंवा नुकतीच पाळी सुरू झालेल्या मुलीच्या बाबतीत तर दोन-तीन महिने सहज निघून जातात. खेड्यातील बाईला शेवटच्या पाळीची तारीख विचारली, तर ती तारीख सांगत नाही. ‘पोळ्याच्या अगोदर’, ‘नवरात्र बसायच्या टायमाला’ असे सांगते. डॉक्टर त्यावरून अंदाज बांधतात आणि सोनोग्राफीने तो पडताळून पाहतात. पहिल्या तीन महिन्यांत केलेल्या सोनोग्राफीतील वयाचा अंदाज काही दिवसांनीच चुकू शकतो. मधल्या तिमाहीत ही चूक आठ-दहा दिवसांपर्यंत जाते आणि शेवटच्या तिमाहीत तीन आठवड्यांपर्यंतही पोहोचते. जी स्त्री पहिल्यांदाच पाचव्या-सहाव्या महिन्यात तपासणीला येते, तिच्या बाबतीत ‘२३ आठवडे’ आणि ‘२५ आठवडे’ यांतला फरक यंत्राच्या अचूकतेपलीकडचा असतो. आणि नेमक्या याच फरकावर तिला कोणता कायदा लागू होणार, हे ठरते.

आता या कायद्याचा पूर्वेतिहास थोडक्यात पाहू. १८६० च्या भारतीय दंड संहितेच्या कलम ३१२ नुसार आईचा जीव वाचविण्याचा अपवाद वगळता गर्भपात हा गुन्हा होता. त्या कलमातही एक मुदत दडलेली होतीच. पोटातील गर्भाची हालचाल जाणवू लागण्यापूर्वीच्या गर्भपाताला तीन वर्षांपर्यंत आणि त्यानंतरच्या गर्भपाताला सात वर्षांपर्यंत शिक्षा सांगितलेली होती. ही सीमारेषा यंत्राने ठरत नसे. ती त्या स्त्रीलाच जाणवत असे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत हीच तरतूद कलम ८८ म्हणून कायम आहे. हे लक्षात ठेवणे आवश्यक आहे, कारण आपल्याकडे गर्भपात हा सरसकट हक्क म्हणून मिळालेला नाही. गुन्ह्याला काढलेला अपवाद म्हणून मिळालेला आहे. त्या अपवादाच्या कुंपणाबाहेर पाऊल पडले की डॉक्टर आरोपी ठरू शकतो. डॉक्टरांची अतिसावध वृत्ती समजून घ्यायची तर ही पार्श्वभूमी विसरून चालत नाही.

असुरक्षित गर्भपातांमुळे होणारे मातामृत्यू पाहून केंद्र सरकारने १९६४ मध्ये एक समिती नेमली. तिचे अध्यक्ष होते महाराष्ट्राचे तत्कालीन आरोग्यमंत्री शांतिलाल शहा. समितीने १९६६ मध्ये अहवाल दिला, १९७१ मध्ये वैद्यकीय गर्भपाताचा कायदा संसदेने संमत केला आणि १ एप्रिल १९७२ पासून तो अमलात आला. बारा आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचे मत, बारा ते वीस आठवड्यांपर्यंत दोघांचे, आणि त्यापुढे फक्त स्त्रीचा जीव वाचविण्यासाठी तातडीची गरज असेल तर, अशी त्याची रचना होती. वीस आठवड्यांची रेघ त्या काळच्या साधनांना धरून होती. पोटातील बाळ पाहण्याची सोय त्या वेळी नव्हतीच. गर्भपाताच्या त्या वेळच्या पद्धती उशिराच्या महिन्यांत धोक्याच्या होत्या. कायदा करणाऱ्यांना दोष देता येणार नाही. पुढे तंत्र बदलले आणि रेघ मात्र तेथेच राहिली.

हा विसंवाद महाराष्ट्राच्या लक्षात आला तो २००८ मध्ये, निकेता मेहता प्रकरणामुळे. मुंबईकडील या स्त्रीच्या गर्भाच्या हृदयात दोष असल्याचे निदान झाले तेव्हा वीस आठवडे उलटून गेले होते. तिने, तिच्या पतीने आणि स्त्रीरोगतज्ज्ञ डॉ. निखिल दातार यांनी मुंबई उच्च न्यायालयात धाव घेतली. ४ ऑगस्ट २००८ रोजी न्यायालयाने परवानगी नाकारली. मूल गंभीर व्यंग घेऊनच जन्मेल असे ठाम मत तज्ज्ञांनी दिलेले नाही आणि कायदा बदलणे हे संसदेचे काम आहे, न्यायालयाचे नव्हे, असा निकालाचा आशय होता. त्याच महिन्यात तिचा गर्भ नैसर्गिकरीत्या पडला. तिच्या बाजूने आणि विरुद्ध त्या काळात जे लिहिले-बोलले गेले, ते आज वाचताना अवघडल्यासारखे होते. पोटातले बाळ दत्तक घ्यायला तयार असलेल्यांचे निरोपही तिच्यापर्यंत पोहोचविण्यात आले होते. मात्र या प्रकरणाने एक साधी गोष्ट लोकांपुढे आणली. गर्भातील व्यंगांची मुख्य तपासणी होते अठराव्या ते विसाव्या आठवड्यात. हृदयाची बारकाईने तपासणी करायची तर आणखी दोन आठवडे. गुणसूत्रांची तपासणी करण्यासाठी गर्भजल काढले, तर त्याचा पूर्ण अहवाल यायला पुन्हा दोन-तीन आठवडे लागू शकतात. म्हणजे निदान हाती पडण्याच्या आधीच मुदत संपलेली!

दोन यंत्रांची ओढाताण

संसदेने मुदत वाढवायला त्यानंतर तेरा वर्षे घेतली. दरम्यान सर्वोच्च न्यायालयात एकामागून एक याचिका दाखल होत राहिल्या. जुलै २०१६ मध्ये मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयातील तज्ज्ञांच्या अहवालावरून चोवीस आठवड्यांच्या गर्भपाताला परवानगी मिळाली. फेब्रुवारी २०१७ मध्ये डाऊन सिंड्रोमचे निदान झालेल्या सव्वीस आठवड्यांच्या गर्भाच्या बाबतीत ती नाकारली गेली. एप्रिल २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने, स्त्रीचा जीव वाचविण्यासाठी तातडीने गर्भपात करणे आवश्यक असेल तर वीस आठवड्यांनंतरही डॉक्टरांनी न्यायालयाच्या परवानगीची वाट पाहण्याचे कारण नाही, असे स्पष्ट केले. अखेर २०२१ च्या सुधारणेने कायदा बदलला आणि २४ सप्टेंबर २०२१ पासून तो लागू झाला.

आजची स्थिती अशी आहे. वीस आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचे मत पुरते. वीस ते चोवीस आठवड्यांसाठी दोघांचे मत लागते आणि ही मुभा नियमांत सांगितलेल्या स्त्रियांनाच आहे. बलात्कार किंवा जवळच्या नात्यातील अत्याचाराला बळी पडलेल्या स्त्रिया, अल्पवयीन मुली, गर्भारपणातच वैधव्य आलेल्या किंवा घटस्फोट झालेल्या स्त्रिया, अपंग व मानसिक आजार असलेल्या स्त्रिया, गर्भात गंभीर व्यंग असलेल्या स्त्रिया आणि आपत्तीत सापडलेल्या स्त्रिया असे हे प्रवर्ग आहेत. चोवीस आठवड्यांनंतर मात्र गर्भात मोठे व्यंग असल्याचे वैद्यकीय मंडळाने ठरविले, तरच गर्भपात करता येतो, आणि अशा वेळी वरची मुदत उरत नाही. स्त्रीचा जीव वाचविण्याचा अपवाद कोणत्याही आठवड्यात कायम आहे.

ही यादी दिल्लीत तयार झाली असली, तरी मराठवाड्याच्या वाचकाला तिच्यात आपल्या भागाचे काही दिसल्याशिवाय राहत नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेचा किल्लारीचा भूकंप लातूर जिल्हा विसरलेला नाही. त्या वेळी ‘आपत्तीतील गर्भवती’ असा विचार कायद्याने केलेला नव्हता. आणि गर्भारपणात आलेले वैधव्य! शेतकऱ्यांच्या आत्महत्या वर्षानुवर्षे पाहिलेल्या या प्रदेशाला त्या प्रवर्गाची गरज वेगळी समजावून सांगावी लागत नाही. पुढे २९ सप्टेंबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अविवाहित स्त्रियांनाही या चोवीस आठवड्यांच्या मुदतीतून वगळता येणार नाही, असा निर्णय दिला.

चोवीस हाच आकडा का, हा प्रश्न उरतो. ब्रिटनने १९६७ मध्ये कायदा केला तेव्हा तेथील मर्यादा व्यवहारात अठ्ठावीस आठवड्यांची होती; १९९० मध्ये ती चोवीसवर आणली गेली. कारण नवजात शिशूंचे अतिदक्षता विभाग इतके सुधारले की, त्याहून लहान बाळेही जगू लागली. भारताने वीसची मुदत वाढवून चोवीस केली, ती सोनोग्राफीमुळे. म्हणजे काचेच्या पेटीने मर्यादा खाली ओढली आणि सोनोग्राफीच्या यंत्राने ती वर ढकलली. दोन्हींची गाठ चोविसाव्या आठवड्याच्या आसपास पडली. या मर्यादेमागे धर्मशास्त्र किंवा तत्त्वज्ञान शोधण्यापेक्षा ही दोन यंत्रे समोर ठेवली, तर वाद अधिक नीट समजतो. ‘बाळ बाहेर जगू शकते का’ हा प्रश्न खरा आहे, आणि स्त्रीच्या हक्कांची बाजू घेणाऱ्यांनीही तो हसण्यावारी नेऊ नये. सव्वीस-अठ्ठावीस आठवड्यांचा गर्भपात म्हणजे व्यवहारात प्रसूतीच असते. गर्भाचे हृदय आधी थांबवावे, की बाळाला जिवंत जन्माला येऊ देऊन अतिदक्षता विभागात ठेवावे, हा डॉक्टरांपुढचा पेच ऑक्टोबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढेही आला होता. तेव्हा सव्वीस आठवडे उलटलेल्या एका विवाहित स्त्रीला न्यायालयाने परवानगी नाकारली.

परंतु जगण्याची ही क्षमता सर्वत्र सारखी असते का? लंडनमधील चोवीस आठवड्यांचे बाळ आणि आपल्याकडील जिल्ह्याच्या रुग्णालयातील चोवीस आठवड्यांचे बाळ यांचे भवितव्य एक नाही. नांदेडच्या डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात ३० सप्टेंबर ते १ ऑक्टोबर २०२३ या चोवीस तासांत २४ रुग्ण दगावले आणि त्यांपैकी १२ नवजात बालके होती, ही बातमी देशभर गाजली. शेजारच्या जिल्ह्यांतून आणि तेलंगणाच्या सीमेवरून अत्यवस्थ बालके शेवटच्या घटकेला तेथे पाठविली जातात, हेही त्या वेळी पुढे आले. ‘बाळ जिवंत जन्मेल, म्हणून गर्भपात नको’ असे म्हणताना ते बाळ कोणत्या पेटीत, किती परिचारिकांच्या देखरेखीखाली ठेवले जाणार आहे, हेही विचारले गेले पाहिजे.

आठवडे जातात कोठे?

किनवट किंवा माहूरच्या डोंगरातील एखाद्या पाड्यावरची, अथवा जळकोटकडच्या वस्तीवरील गर्भवती डोळ्यांसमोर आणावी. आशाताईंकडे नोंद तिसऱ्या महिन्यात झाली, तर ते वेळेवर झाले म्हणायचे. उपकेंद्रात रक्त, लघवी, वजन पाहिले जाते. सोनोग्राफीसाठी तालुक्याला किंवा जिल्ह्याला जावे लागते. ग्रामीण रुग्णालयात यंत्र असले, तरी ते चालवू शकणारा तज्ज्ञ रोज असेलच असे नाही. खासगी केंद्रात गेले तर पैसे मोजावे लागतात आणि सासूची किंवा नवऱ्याची सोबत लागते. मळणी, लग्नसराई, पावसाळ्यात तुटलेला रस्ता यांत विसाव्या आठवड्याची तपासणी बाविसाव्या आठवड्यावर जाते. त्यात काही संशयास्पद दिसले, की ‘मोठ्या ठिकाणी दाखवा’ अशी चिठ्ठी मिळते. नांदेडकरांसाठी मोठे ठिकाण म्हणजे बहुधा हैदराबाद. लातूरकरांसाठी सोलापूर किंवा पुणे. तेथे वेळ मिळेपर्यंत, पैसे जमेपर्यंत, घरातील पुरुषांचे मत होईपर्यंत आणखी आठ-पंधरा दिवस. या साऱ्यात कोणी मुद्दाम आडकाठी केलेली नसते. तरीही ती शेवटी शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या दाराशी पोहोचते तेव्हा चोवीस आठवडे झालेले असतात किंवा होत आलेले असतात.

ऊसतोड मजूर स्त्रियांची गोष्ट तर आणखी वेगळी. कंधार, मुखेड, लोहा आणि अहमदपूरकडील बालाघाटच्या पट्ट्यातून दसरा-दिवाळीनंतर टोळ्या निघतात त्या पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात. नवरा-बायको मिळून एक कोयता; उचल दोघांच्या नावाने घेतलेली असते. बाईने खाडा केला तर पैसे कापले जातात. अशा वेळी पाळी चुकल्याचे कोणाला सांगणार आणि कोणत्या केंद्रात नोंद करणार? तिचे कार्ड गावच्या उपकेंद्रात, ती स्वतः फडात. हंगाम संपवून एप्रिलमध्ये ती परतते तेव्हा कायद्याने दिलेला सारा अवधी फडातच संपलेला असतो.

खरे पाहता लवकर गर्भपात करणे सर्वांत सोपे आणि सुरक्षित असते. नऊ आठवड्यांपर्यंत गोळ्यांनी तो करता येतो. पूर्वी ही मर्यादा सात आठवड्यांची होती. मात्र या गोळ्या मिळणेही मराठवाड्यात सरळ राहिलेले नाही, आणि त्याचे कारण आपल्याच इतिहासात आहे.

परळीच्या डॉ. सुदाम मुंडे याच्या रुग्णालयात मे २०१२ मध्ये गर्भपातादरम्यान एका स्त्रीचा मृत्यू झाला आणि मुलींचे गर्भ पाडण्याचा उघड धंदा जगापुढे आला. फेब्रुवारी २०१९ मध्ये न्यायालयाने त्याला दहा वर्षांची शिक्षा सुनावली. २०११ च्या जनगणनेत बीड जिल्ह्यात शून्य ते सहा वयोगटात हजार मुलांमागे केवळ ८०७ मुली होत्या. मार्च २०१७ मध्ये सांगली जिल्ह्यातील म्हैसाळ येथे १९ अर्भके पुरलेली सापडली. या घटनांनंतर कारवाई होणे आवश्यकच होते. परंतु कारवाईच्या धडाक्यात गर्भलिंग निदान रोखणारा कायदा आणि गर्भपाताला परवानगी देणारा कायदा यांची सरमिसळ झाली. गुन्हा आहे तो लिंग पाहणे. कायद्याच्या चौकटीतला गर्भपात हा गुन्हा नाही. तरी औषध दुकानदारांनी तपासणीच्या भीतीने गोळ्या ठेवणे सोडले, आणि बाराव्या आठवड्यानंतरची बाई आली की डॉक्टरांच्या मनात पहिला प्रश्न ‘हिने कोठे तपासून तर घेतले नाही ना?’ असा येऊ लागला. पहिली मुलगी असलेल्या स्त्रीकडे तर विशेष संशयाने पाहिले जाते. या संशयाला आधार नाही असे मी म्हणणार नाही; बीडचा तो आकडा आपल्या समाजानेच निर्माण केलेला आहे. पण त्याची किंमत ज्या स्त्रीच्या गर्भाला मेंदूच नाही, तिने का मोजावी?

मुदत वाढविण्याला विरोध करणाऱ्यांचा मुख्य मुद्दाही हाच असतो : जितके आठवडे जास्त, तितका मुलीचा गर्भ ओळखून पाडण्याला वाव अधिक. यात तथ्य थोडे आहे. गर्भाचे लिंग सोनोग्राफीत चौदाव्या-पंधराव्या आठवड्याच्या सुमारास कळू शकते, म्हणजे जुन्या वीस आठवड्यांच्या मुदतीतही त्या धंद्याला भरपूर सवड होती. चोविसाव्या आठवड्याच्या पलीकडे गर्भपात मागणारी स्त्री बहुधा या कारणासाठी आलेली नसते. अपंगांच्या हक्कांसाठी काम करणाऱ्यांचा आक्षेप याहून वजनदार आहे. व्यंग असलेल्या गर्भाला मुदतच नाही आणि निरोगी गर्भाला आहे, यातून व्यंगासह जगणाऱ्या माणसाच्या आयुष्याविषयी कायदा काय सांगतो, असे ते विचारतात. या प्रश्नाला समाधानकारक उत्तर कायद्याने दिलेले नाही. मला स्वतःला असे वाटते की, उत्तर ‘व्यंग’ या शब्दात न शोधता ते मूल वाढवण्याचा भार कोण उचलणार आहे, त्यात शोधायला हवे. आणि तो भार आज तरी जवळपास संपूर्णपणे आईवरच आहे.

अल्पवयीन मुली आणि खंडपीठाची वाट

कायद्यातील सर्वांत खुपणारी विसंगती निराळीच आहे. चोवीस आठवड्यांनंतर गर्भात व्यंग असेल, तर वैद्यकीय मंडळ स्वतः निर्णय देऊ शकते. परंतु बलात्कारातून दिवस गेलेल्या तेरा-चौदा वर्षांच्या मुलीचा गर्भ निरोगी असेल, तर मंडळाला अधिकार नाही. तिच्या आईवडिलांनी उच्च न्यायालयात जायचे. नांदेड आणि लातूर हे दोन्ही जिल्हे मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाच्या कक्षेत येतात. छत्रपती संभाजीनगर तेथून अडीचशे किलोमीटरच्या आसपास. नांदेडहून निदान रेल्वे तरी आहे, लातूरहून अंबाजोगाई, मांजरसुंबा, बीड असा रस्त्याचा प्रवास. वकील शोधायचा, वकीलपत्र द्यायचे, न्यायालय मंडळाचा अहवाल मागवणार, मुलीला पुन्हा तपासणीसाठी न्यायचे, पुन्हा तारीख. न्यायालये अशी प्रकरणे तातडीने घेतात, हे मान्य केले पाहिजे. पण मुलीच्या पोटात बाळ वाढतच असते.

आणि अशा मुली उशिराच येतात. मुलीला काय झाले आहे हे कळत नाही, कळले तर सांगता येत नाही, सांगितले तर घरचे आधी गावातच मिटवायचे बघतात. मराठवाड्यात बालविवाहांचे प्रमाणही मोठे आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार शेजारच्या परभणी व बीड जिल्ह्यांत वीस ते चोवीस वयोगटातील चाळीस टक्क्यांहून अधिक स्त्रियांची लग्ने अठरा वर्षांच्या आत झालेली होती. अशी लग्न झालेली अल्पवयीन मुलगी दवाखान्यात आली, तरी ‘पोक्सो’ कायद्याखाली पोलिसांना कळविणे डॉक्टरांवर बंधनकारक आहे. नवऱ्याला अटक होईल या भीतीने कुटुंब शासकीय रुग्णालय टाळते आणि मग तिला कोठे नेले जाते, हे वेगळे सांगायला नको. २०२२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने अशा मुलीचे आणि पालकांचे म्हणणे असल्यास तिची ओळख पोलिसांना देण्याची डॉक्टरांना गरज नाही, अशी सवलत दिली. ही गोष्ट जिल्ह्यातील सर्व दवाखान्यांच्या भिंतीवर लागायला हवी होती.

जून २०२३ मध्ये औरंगाबाद खंडपीठापुढे पंधरा वर्षांच्या एका अत्याचारपीडित मुलीचे प्रकरण आले. गर्भ अठ्ठावीस आठवड्यांचा होता. आता गर्भपात केला तरी बाळ जिवंत जन्माला येईल, असा वैद्यकीय मंडळाचा अहवाल होता. मूल जिवंत जन्मणारच असेल, तर अपुऱ्या दिवसांचे का, पूर्ण दिवसांचे का नको, असा विचार करून खंडपीठाने परवानगी नाकारली. याच उच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये मुंबईत मात्र बत्तीस आठवडे उलटलेल्या एका विवाहित स्त्रीला, गर्भात गंभीर व्यंग असल्यामुळे, परवानगी दिली होती. उशीर झाला हे कारण पुरेसे नाही आणि निवड करण्याचा हक्क त्या स्त्रीचा आहे, मंडळाचा नव्हे, असे त्या निकालात म्हटले होते. दोन्ही निकाल आपापल्या जागी कायद्याला धरून असतील. पण पंधरा वर्षांच्या मुलीच्या आईला यातला फरक कसा समजावून सांगायचा?

एप्रिल २०२४ मध्ये मुंबईकडील चौदा वर्षांच्या मुलीच्या प्रकरणात या गुंत्याचे टोक दिसले. उच्च न्यायालयाने ४ एप्रिलला नकार दिला. सर्वोच्च न्यायालयाने २२ एप्रिलला सुमारे तीस आठवड्यांच्या गर्भपाताला परवानगी दिली आणि शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयाला तयारी करण्यास सांगितले. त्यानंतर मुलीच्या जिवाला धोका होईल या भीतीने आईवडिलांचेच मन बदलले आणि २९ एप्रिलला तो आदेश मागे घेतला गेला. मंडळाने मुलीच्या शारीरिक आणि मानसिक स्थितीचा विचार न करता केवळ गर्भाचे वय पाहिले, याबद्दल न्यायालयाने नापसंती व्यक्त केली. एवढ्या फेऱ्यांत पहिल्या नकारापासून पंचवीस दिवस गेले होते.

मुदतीचा अक्षरशः अर्थ लावण्याचा परिणाम काय होऊ शकतो, याचे उदाहरण आपल्या सीमाभागातील एका मुलीने जगाला दाखविले. बेळगावची दंतवैद्य सविता हलप्पनवार २०१२ मध्ये आयर्लंडमधील गॉलवे येथे राहत होती. सतराव्या आठवड्यात तिचा गर्भपात होऊ लागला, बाळ वाचणार नाही हे स्पष्ट होते. पण गर्भाचे ठोके चालू आहेत म्हणून डॉक्टर थांबले. २८ ऑक्टोबरला जंतुसंसर्गाने तिचा मृत्यू झाला. मे २०१८ मध्ये आयरिश जनतेने सार्वमताने राज्यघटनेतील बंदी उठविली आणि २०१९ पासून तेथे बारा आठवड्यांपर्यंत मागणीनुसार गर्भपात मिळू लागला. बारा आठवडे म्हणजे आपल्या निम्मे. पण ही मुदत स्त्रीच्या मागणीवर आहे. आपल्याकडे पहिल्या आठवड्यापासून डॉक्टरचे मत लागते.

तेव्हा चोवीसचे अठ्ठावीस करावेत की नाही, यावर वाद घालताना नांदेड-लातूरसाठी त्याआधी काही गोष्टी होण्यासारख्या आहेत. बलात्कारपीडित अल्पवयीन मुलींच्या बाबतीत चोवीस आठवड्यांनंतरचा निर्णयही मंडळाकडे सोपवावा, ही त्यांतली पहिली. त्यासाठी संसदेला कायद्यात दुरुस्ती करावी लागेल. मंडळासाठी लागणारे स्त्रीरोग, बालरोग आणि क्ष-किरण विभागाचे तज्ज्ञ नांदेडच्या विष्णुपुरीत आणि लातूरच्या विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्थेत आहेत. खंडपीठाची वाट धरण्याची गरज वैद्यकीय दृष्टीने तरी नाही. दुसरी गोष्ट त्याहून साधी : बाराव्या आठवड्यापूर्वीची एक सोनोग्राफी प्रत्येक गर्भवतीची झाली, तर पुढे वयाविषयीचा वादच उरत नाही. त्यासाठी कायदा बदलावा लागत नाही, तालुक्याच्या रुग्णालयात तज्ज्ञ नेमावा लागतो.

वाचकांपैकी कोणाच्या घरी किंवा शेजारी असा प्रसंग आला, तर एवढे माहीत असावे. सज्ञान स्त्रीच्या गर्भपातासाठी फक्त तिची स्वतःची संमती लागते. नवऱ्याची किंवा सासरच्यांची सही मागण्याचा अधिकार कोणत्याही रुग्णालयाला नाही. अल्पवयीन किंवा मानसिक आजार असलेल्या स्त्रीच्या बाबतीत पालकाची संमती लागते. चोवीस आठवड्यांनंतर व्यंगाच्या कारणासाठी वैद्यकीय मंडळाकडे अर्ज केला, तर नियमानुसार मंडळाने तीन दिवसांत निर्णय द्यायचा आहे आणि परवानगी मिळाल्यास अर्ज आल्यापासून पाच दिवसांत गर्भपात व्हायचा आहे. अर्ज लेखी द्यावा आणि त्यावर पोहोच घ्यावी. कारण तीन दिवस मोजले जातात ते अर्ज मिळाल्याच्या तारखेपासून.